ब्रेक्झिटनंतर विमान देखभाल इंजिनिअरचं लायसन्स: कोणत्या विमानावर कोणाची सही चालते?

रात्रीचा दीड वाजलाय. ब्रिटनमधल्या एका विमानतळावर दोन एअरबस ए३२० शेजारी शेजारी उभी आहेत. रंग एकच, कंपनीचं नावही एकच. दोन्हींचं एकेक मुख्य चाक बदलायचं आहे. जॅक तोच, टॉर्क रेंच तोच, मॅन्युअलमधली पानंही तीच. चाक हाताने फिरवत अ‍ॅक्सलचा नट घट्ट करायचा, मग टायरमधला दाब बघायचा, हेही दोन्हीकडे सारखंच. फरक आहे तो फक्त विमानाच्या मागच्या अंगावर रंगवलेल्या नोंदणीच्या अक्षरांत. एकाची नोंदणी 'जी' ने सुरू होते, म्हणजे ब्रिटन. दुसऱ्याची 'ओई' ने, म्हणजे ऑस्ट्रिया. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत टेक-लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, सही करताना आम्ही इंजिनिअर त्या अक्षरांकडे बघतही नव्हतो. १ जानेवारी २०२१ पासून आधी अक्षरं बघायची आणि मग खिशातलं पेन काढायचं, असा आमचा क्रम झाला.

मी हे लिहितोय ते एएमईचा, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरिंगचा कोर्स करणाऱ्या किंवा नुकताच केलेल्या मुलामुलींसाठी. पुणे, मुंबई, नागपूरकडून मला सारखे फोन येतात: "दादा, ब्रिटनचं लायसन्स काढू की युरोपचं?" "एकावर दुसरं मिळतं का?" "आपलं डीजीसीएचं तिकडे चालतं का?" (डीजीसीए म्हणजे भारतात ही लायसन्स देणारी सरकारी संस्था.) फोनवर तुकड्यातुकड्याने सांगून भागत नाही, आणि अर्धवट माहितीवर पोरं लाखो रुपये भरून बसतात. म्हणून एकदा पायरीपायरीने सगळं मांडतो.

पायरी १: लायसन्स कशाचं असतं ते नीट समजून घ्या

आपल्याला वाटतं, लायसन्स म्हणजे आपल्या ज्ञानाचा दाखला. तसं नाही. लायसन्स म्हणजे सहीचा अधिकार, आणि तो एका विशिष्ट कायद्याखाली मिळालेला असतो. तलाठ्याचं उदाहरण घ्या. एका सज्जाचा तलाठी शेजारच्या सज्जातल्या सातबाऱ्यावर सही करू शकत नाही. त्याचं अक्षर तेच, शिक्षण तेच, अनुभव तोच. पण हद्द दुसऱ्याची. ब्रेक्झिटमध्ये इंजिनिअरच्या बाबतीत हेच झालं. कोणाचं ज्ञान एका रात्रीत कमी झालं नाही. हद्द बदलली.

१९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देश आपल्या नोंदणीतल्या विमानांच्या सुरक्षिततेला जबाबदार असतो. इंजिनिअरच्या लायसन्सचे किमान निकष त्या कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहेत. पण निकष सारखे असले तरी एका देशाने दुसऱ्याचं लायसन्स मानलंच पाहिजे, असं बंधन त्यातून येत नाही. युरोपीय संघाने हीच अडचण आपल्यापुरती सोडवली होती. एक कायदा, एक नियमावली, आणि कुठल्याही सदस्य देशाने दिलेलं लायसन्स सगळीकडे आपोआप मान्य. ही व्यवस्था सांभाळणारी संस्था म्हणजे जर्मनीत कोलोनला असलेली ईआसा. संघाचे २७ देश आणि शिवाय स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनश्टाइन असे ३१ देश आज त्या व्यवस्थेत आहेत.

नियमावलीचा क्रमांक १३२१/२०१४. तिचे तीन भाग तुमच्या कामाचे: पार्ट-६६ म्हणजे लायसन्स, पार्ट-१४७ म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्या आणि परीक्षा घेणाऱ्या संस्था, पार्ट-१४५ म्हणजे विमानाची देखभाल करणाऱ्या संस्था. हे तीन आकडे पाठ करा. पुढचा सगळा घोळ यांच्याभोवतीच आहे.

पायरी २: नक्की काय तुटलं आणि कधी

युरोपीय संघ सोडायचा का, यावर ब्रिटनमध्ये सार्वमत झालं २३ जून २०१६ ला. त्यानंतरची साडेचार वर्षं हँगरमध्ये चहाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. मार्च २०१८ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी भाषणात सांगितलं की संघ सोडला तरी ईआसाचं सहयोगी सदस्यत्व ठेवायची ब्रिटनची इच्छा आहे. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. बाहेर पडायची तारीख आधी २९ मार्च २०१९ होती, मग १२ एप्रिल, मग ३१ ऑक्टोबर, शेवटी ३१ जानेवारी २०२०. दर तारखेला आमच्यातले काहीजण घाईने कागद गोळा करायचे आणि तारीख पुढे गेली की पुन्हा निवांत व्हायचे. मार्च २०२० मध्ये वाहतूकमंत्री ग्रँट शॅप्स यांनी स्पष्ट केलं की ब्रिटन ईआसातूनही बाहेर पडणार. तेव्हा हातात नऊ महिने उरले होते, आणि त्याच महिन्यात कोविडमुळे विमानं जमिनीवर आली.

संघ सोडल्यावरही जुने नियम चालू ठेवणारा संक्रमणकाळ संपला ३१ डिसेंबर २०२० ला, ब्रिटनच्या घड्याळात रात्री ११ वाजता. ब्रसेल्समध्ये तेव्हा मध्यरात्र होती. त्या क्षणापासून ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीने, म्हणजे सीएएने दिलेलं पार्ट-६६ लायसन्स युरोपीय कायद्यात लायसन्स राहिलं नाही. ब्रिटन 'तिसरा देश' झाला. भारत जिथे आहे, त्याच रांगेत.

मग त्या शेवटच्या आठवड्यात झालेल्या व्यापार करारात यावर काही नाही का? विमान सुरक्षेवर त्यात एक भाग आहे. पण परस्परमान्यता आहे ती विमानांच्या आणि सुट्या भागांच्या रचनेच्या व उत्पादनाच्या प्रमाणपत्रांसाठी. देखभाल करणाऱ्या माणसांची लायसन्स त्यात नाहीत. पुढे ती जोडायची वाट करारात ठेवली आहे, पण वाट असणं वेगळं आणि त्या वाटेने गाडी जाणं वेगळं.

उलट दिशेने मात्र ब्रिटनने सवड दिली. युरोपीय लायसन्सवर ब्रिटिश नोंदणीच्या विमानांना रिलीज, म्हणजे देखभालीनंतर विमान सोडण्याची सही, द्यायची मुभा दोन वर्षं, ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत चालू ठेवली. माणसं कमी पडू नयेत म्हणून ती गरज होती. १ जानेवारी २०२३ पासून तीही बंद.

माझ्या शेजारच्या बेंचवर काम करणारा एक सहकारी दर हिवाळ्यात युरोपातल्या एका हँगरमध्ये कंत्राटावर जायचा. हिवाळ्यात तिकडे मोठ्या तपासण्यांचा हंगाम असतो. २२ वर्षांचा अनुभव, इंजिन-सांगाड्याचं बी-१ लायसन्स, त्यावर चार टाइप, म्हणजे विमानांचे चार प्रकार. डिसेंबर २०२० अखेर त्याचं तिथलं ऑथोरायझेशन, म्हणजे संस्थेने दिलेला सहीचा अधिकार, रद्द झालं, कारण युरोपातल्या पार्ट-१४५ संस्थेत सही करायला युरोपीय लायसन्स लागतं आणि त्याचं ब्रिटिश होतं. हाताने काम करायला कोणाची मनाई नव्हती. पण स्वतः केलेल्या कामावर दुसऱ्याची सही घ्यायची, हे त्या वयात त्याला फार लागलं. तो पुन्हा गेला नाही.

मी आणि आणखी काहीजणांनी २०२० मध्येच लायसन्स आयर्लंडकडे वर्ग करून घेतलं होतं. तेव्हा ते सरळ होतं. एका सदस्य देशाने दुसऱ्याकडे फाइल पाठवायची, नव्या देशाने नवं लायसन्स द्यायचं. परीक्षा नाही, काही नाही. ब्रिटन बाहेर पडताच ही सोयही संपली, कारण वर्ग करणं फक्त सदस्य देशांच्या आपापसात होतं. पुढच्या दोन वर्षांच्या सवडीत मी ब्रिटनचं वेगळं लायसन्सही घेतलं. आज माझ्याकडे दोन आहेत. हे शहाणपण माझं नव्हतं. क्वालिटी विभागातल्या एका बाईंनी आम्हाला बसवून फॉर्म भरून घेतले होते, त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

पायरी ३: विमान बघितलं की हे तीन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: विमानाची नोंदणी कुठली? जी ब्रिटन, ईआय आयर्लंड, ओई ऑस्ट्रिया, डी जर्मनी, एफ फ्रान्स, ९एच माल्टा, व्हीटी भारत. कंपनीच्या नावावर जाऊ नका. ईझीजेट ब्रिटनची म्हणून आपण ओळखतो, पण तिने २०१७ मध्ये व्हिएन्नात वेगळी कंपनी काढली आणि बरीच विमानं ऑस्ट्रियाच्या नोंदणीवर नेली. ब्रेक्झिटनंतर युरोपात उडत राहता यावं, हाच त्यामागचा हेतू.

दुसरा प्रश्न: मी ज्या संस्थेत काम करतो तिच्याकडे कोणाची पार्ट-१४५ मान्यता आहे? ब्रिटनमधल्या अनेक संस्थांकडे आता दोन असतात. एक सीएएची, दुसरी ईआसाची. ईआसाने परदेशी संस्थेला दिलेल्या मान्यतेचा क्रमांक ईआसा या अक्षरांनीच सुरू होतो. भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेलं असतं, पहिल्याच दिवशी उभं राहून वाचा.

तिसरा प्रश्न: माझं ऑथोरायझेशन काय म्हणतं? लायसन्स खिशात असलं म्हणून सही करता येत नाही. संस्था तुम्हाला ऑथोरायझेशन आणि स्टँप देते, त्यात कोणत्या विमानावर, कोणत्या कामापर्यंत, कोणत्या मान्यतेखाली सही करायची ते लिहिलेलं असतं.

इथे एक बारकावा आहे. संघाच्या बाहेरच्या जागी असलेल्या, पण ईआसाची मान्यता असलेल्या संस्थेला, त्या देशाच्या नियमांनुसार पात्र असलेली माणसं काही अटींवर वापरता येतात. पार्ट-१४५ च्या परिशिष्ट ४ मध्ये त्या अटी आहेत. म्हणजे ब्रिटनमधल्या अशा संस्थेत निव्वळ ब्रिटिश लायसन्सवाल्याला युरोपीय विमानासाठी ऑथोरायझेशन मिळू शकतं, पण ते संस्थेच्या कार्यपद्धतीच्या पुस्तकात बसलं पाहिजे आणि ती संस्था सोडली की तो अधिकारही तिथेच राहतो. तुमच्या नावाचं युरोपीय लायसन्स मात्र तुमच्यासोबत ३१ देशांत फिरतं. नोकरीच्या मुलाखतीत "तुम्हाला ईआसावर सही करता येते का?" असं विचारलं, तर ही गफलत करू नका. लायसन्स आहे, की जुन्या कंपनीचं ऑथोरायझेशन होतं, ते नेमकं सांगा.

हे तीन प्रश्न मुंबईतही लागू आहेत बरं का. सहार विमानतळावर ब्रिटिश एअरवेजचं जी, लुफ्तान्साचं डी आणि एअर फ्रान्सचं एफ नोंदणीचं विमान एकाच रात्री उतरू शकतं. २०२० पर्यंत या तिन्हींवर सही करायला एकच व्यवस्था पुरत होती. आता पहिल्याची वेगळी आणि उरलेल्या दोघांची वेगळी.

पायरी ४: कोरी पाटी असेल तर

ब्रिटनने संघ सोडताना युरोपीय नियम फेकून दिले नाहीत. २०१८ च्या कायद्याने ते जसेच्या तसे ब्रिटिश कायद्यात उतरवून घेतले. म्हणून ब्रिटनच्या नियमावलीचा क्रमांकही १३२१/२०१४ च राहिला आणि पार्ट-६६ हे नावही तेच. त्यामुळे प्राथमिक अटी दोन्हीकडे ओळखीच्या आहेत.

वर्ग असे: ए म्हणजे साधी, ठरवून दिलेली लाइनवरची (विमान सेवेत असताना होणारी) कामं, तीही स्वतः केलेलीच. बी-१ म्हणजे इंजिन, सांगाडा, यंत्रणा. त्यात बी-१.१ टर्बाइनचं विमान, बी-१.२ पिस्टनचं, बी-१.३ टर्बाइनचं हेलिकॉप्टर, बी-१.४ पिस्टनचं हेलिकॉप्टर. बी-२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली वीज आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. बी-३ छोट्या पिस्टन विमानांसाठी, सी मोठ्या तपासणीनंतर संपूर्ण विमानाच्या रिलीजसाठी. चाक बदलणं ए वर्गात बसतं. सुरुवात तिथून करायला लाज वाटू देऊ नका. चांगले बी-१ मी त्या वाटेने आलेले पाहिले आहेत.

परीक्षा मॉड्यूलनिहाय असतात. गणित, भौतिकशास्त्र, विजेची मूलतत्त्वं यांपासून गॅस टर्बाइनपर्यंत. उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के लागतात, आणि वस्तुनिष्ठ प्रश्नाला सरासरी ७५ सेकंद मिळतात. पास झालेली मॉड्यूल्स अर्जाच्या आधीच्या १० वर्षांतली हवीत.

अनुभवाचं गणित असं: बी-१.१ किंवा बी-२ साठी पार्ट-१४७ चा मान्यताप्राप्त पूर्ण कोर्स केला असेल तर २ वर्षं. संबंधित तांत्रिक कारागिरीचं प्रशिक्षण असेल आणि ते प्राधिकरणाने मानलं तर ३. काहीच नसेल तर ५. चालत्या विमानांवर प्रत्यक्ष देखभालीचा अनुभव. वयाची १८ पूर्ण झाली की लायसन्सला अर्ज करता येतो, पण पार्ट-१४५ संस्थेत सही करायला २१ लागतात.

आता ब्रेक्झिटचा खरा फास कुठे बसतो ते सांगतो: मॉड्यूलच्या प्रमाणपत्रावर. तुम्ही परीक्षा दिलीत ती संस्था कोणाच्या मान्यतेची होती? सीएएच्या मान्यतेखाली दिलेली परीक्षा आज युरोपीय लायसन्सच्या फाइलमध्ये लावता येत नाही. ब्रिटनमधल्या काही प्रशिक्षणसंस्थांनी दोन्ही मान्यता घेतल्या आहेत. प्रवेशाआधी विचारा: "माझं प्रमाणपत्र कोणत्या क्रमांकाने निघणार?" 'ईआसाच्या धर्तीवर', 'ईआसा अभ्यासक्रमानुसार' असे शब्द माहितीपत्रकात दिसले तर तिथेच थांबा. धर्तीवर असणं म्हणजे मान्यता असणं नव्हे. माझ्या ओळखीतल्या एका मुलाच्या वडिलांनी शेताचा तुकडा विकून अशाच एका संस्थेची फी भरली. मुलगा हुशार, सगळी मॉड्यूल्स पहिल्या फटक्यात काढली, आणि शेवटी कळलं की प्रमाणपत्रांना किंमतच नाही. ईआसाने मान्य केलेल्या परदेशी पार्ट-१४७ संस्थांची यादी तिच्या संकेतस्थळावर असते. फी भरण्यापूर्वी यादीत नाव, पत्ता आणि मान्यतेचा आवाका तिन्ही जुळवा. काही संस्थांना फक्त टाइप कोर्सची मान्यता असते, मॉड्यूलची नसते.

आणखी एक. दोन्ही नियमावल्या निघाल्या एका घरून, पण आता वेगळ्या वाटेने मोठ्या होताहेत. युरोपने २०२३ मध्ये पार्ट-६६ मध्ये मोठी दुरुस्ती केली, तिचे बदल जून २०२४ पासून लागू झाले. ब्रिटन त्याला बांधील नाही. त्यामुळे जुन्या पुस्तकांवर, सिनिअरच्या नोट्सवर विसंबू नका. ज्या व्यवस्थेची परीक्षा देणार, तिचाच आजचा मजकूर उतरवून घ्या. मॉड्यूल १०, म्हणजे विमानवाहतुकीचा कायदा, यात तर फरक उघड दिसतो.

पायरी ५: हातात डीजीसीएचं लायसन्स असेल तर

आपल्या डीजीसीएची लायसन्सची नियमावली, सीएआर-६६, युरोपच्या पार्ट-६६ च्या आराखड्यावरच बेतलेली आहे. वर्गांची नावंही तीच, ए, बी-१, बी-२. म्हणून मुलांना वाटतं, बदलून मिळेल. मिळत नाही. ना युरोपात, ना ब्रिटनमध्ये. मॉड्यूल्स पुन्हा द्यायची, फाइल नव्याने उभी करायची.

मग भारतातली वर्षं वाया जातात का? नाही, पण ती सिद्ध करावी लागतात. नागपूरला मिहानमध्ये किंवा मुंबईच्या हँगरमध्ये मोठ्या विमानांवर केलेलं काम हा खरा अनुभव आहे. प्राधिकरण तो तपासून किती धरायचा ते ठरवतं. ईआसाची पार्ट-१४५ मान्यता असलेल्या दुरुस्ती संस्था भारतातही आहेत. तिथे केलेलं काम दाखवणं सोपं जातं, कारण कामाच्या कार्डावरची भाषा आणि पद्धत त्यांच्या ओळखीची असते. माझा सल्ला असा की भारतात नोकरी करत असतानाच मॉड्यूल्स द्यायला लागा आणि मुंबई-नागपूरची वर्षं अनुभव म्हणून साठवा. पंचविशीत इथे येऊन भाडं भरत गणितापासून सुरुवात करणं फार महागात पडतं.

पायरी ६: लॉगबुक. इथे कंटाळा करू नका

लायसन्सची अर्धी लढाई या वहीत जिंकली किंवा हरली जाते. 'एप्रिल ते जून: ए३२० वर काम केले' अशी ओळ लिहिलेली वही मी पाहिली आहे. तिचा उपयोग शून्य.

नोंद अशी हवी: तारीख, विमानाचा प्रकार आणि नोंदणी, एटीए प्रकरण (विमानाच्या प्रत्येक यंत्रणेचा ठरलेला क्रमांक), उदाहरणार्थ ३२ म्हणजे लँडिंग गिअर, काम काय केलं, 'क्रमांक ३ मुख्य चाक बदलले, ब्रेकची झीज-पिन मोजली', मॅन्युअलमधला टास्क क्रमांक, वर्क ऑर्डर किंवा टेक-लॉगचं पान, आणि ज्याच्या देखरेखीखाली केलं त्याची सही, स्टँप क्रमांक आणि लायसन्स क्रमांक. शेवटचं फार महत्त्वाचं. लायसन्स क्रमांकाच्या सुरुवातीलाच देशाची अक्षरं आणि ६६ असतात, त्यामुळे तपासणाऱ्याला एका नजरेत कळतं की सही कोणत्या व्यवस्थेतल्या माणसाची आहे.

नोंदी विखुरलेल्या हव्यात. ऐंशी चाकं बदलली तरी तो ऐंशी वेळा केलेला एकच अनुभव. ३२ सोबत २४ वीज, २७ उड्डाण नियंत्रण, २९ हायड्रॉलिक, ४९ एपीयू (छोटं सहायक इंजिन), ७२ इंजिन, सगळीकडचं थोडं थोडं हवं, आणि प्रकारही वेगवेगळे: तपासणी, सुटा भाग बदलणं, बिघाड शोधणं, कार्यचाचणी. सही त्याच आठवड्यात घ्या. माणसं नोकरी बदलतात, देश बदलतात, कंपन्या बंद पडतात. कोविडमध्ये हँगर बंद झाले तेव्हा कितीतरी मुलांच्या दोन-दोन वर्षांच्या नोंदींवर सही करायला कोणी उरलं नाही. अनुभवही अर्जाच्या आधीच्या १० वर्षांतलाच धरला जातो, तेव्हा वही कपाटात मुरवत ठेवू नका.

पायरी ७: अर्ज कुठे करायचा

युरोपीय लायसन्ससाठी तुम्ही कुठल्याही एका सदस्य देशाकडे अर्ज करू शकता. नागरिकत्वाची अट नाही. पण एका माणसाला एकच. अर्जातच लिहून द्यावं लागतं की मी दुसऱ्या सदस्य देशात अर्ज केलेला नाही आणि तिथलं लायसन्स माझ्याकडे नाही. दोन ठिकाणी टाकून बघू, जे आधी येईल ते घेऊ, हे इथे चालत नाही. खोटं निघालं तर आयुष्याची वाट बंद होते. भाषेचा विचार करून देश निवडा. बरेच भारतीय आयर्लंड किंवा माल्टा बघतात, कारण पत्रव्यवहार इंग्रजीत होतो.

ब्रिटनसाठी अर्ज सीएएकडे, गॅटविकला. फॉर्म एसआरजी १०१४. ब्रिटन आता संघाबाहेर असल्यामुळे एक युरोपीय आणि एक ब्रिटिश अशी दोन लायसन्स जवळ ठेवता येतात. ज्यांना कंत्राटावर फिरायचं आहे त्यांनी दोन्हींचं नियोजन करावं. हातात एक असेल आणि दुसरं हवं असेल, तर आपली कोणती प्रमाणपत्रं धरली जातील हे त्या प्राधिकरणाला ईमेलने विचारा आणि उत्तराची प्रत फाइलला लावा. फोनवर मिळालेलं 'हो' वर्षभराने कोणी ओळखत नाही.

पायरी ८: टाइप

कोऱ्या बी-१ वर मोठं विमान सोडता येत नाही. ए३२० किंवा ७३७ चा टाइप लायसन्सवर चढवावा लागतो: वर्गखोलीतला अभ्यास, विमानावरचा प्रत्यक्ष भाग, आणि लायसन्सच्या त्या वर्गातला (जसं बी-१.१) तुमचा पहिलाच टाइप असेल तर शिवाय ओजेटी, म्हणजे हँगरमध्ये देखरेखीखाली केलेली ठरावीक कामं. टाइपचं प्रशिक्षण अर्जाच्या आधीच्या ३ वर्षांत सुरू होऊन संपलेलं हवं. इथेही तोच प्रश्न: कोर्स देणाऱ्या संस्थेला मान्यता कोणाची? दोन्ही लायसन्स असतील तर दोन्ही मान्यता असलेल्या संस्थेत कोर्स करा. पैसे जास्त गेले तरी एकदाच जातात.

पासपोर्ट वेगळा, लायसन्स वेगळं

गोव्याकडच्या मुलांसाठी हे मुद्दाम लिहितो. आजी-आजोबांच्या नोंदींवरून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेली पुष्कळ गोवेकर कुटुंबं ब्रिटनमध्ये आहेत, स्विंडनमध्ये तर मोठी वस्ती आहे. अशा मुलाकडे युरोपात कुठेही काम करायचा हक्क आहे. पण त्याचं लायसन्स ब्रिटनचं असेल तर लिस्बनच्या हँगरमध्ये तो सही करू शकत नाही. उलट, भारतीय पासपोर्टवाल्याकडे आयर्लंडचं लायसन्स असेल तर सहीचा अधिकार ३१ देशांत आहे, काम करायचा परवाना मात्र प्रत्येक देशाचा वेगळा काढावा लागेल. नोकरी देणारा दोन्ही बघतो. व्हिसाचा एजंट लायसन्सबद्दल जे सांगेल त्यावर विश्वास ठेवू नका, तो त्याचा विषय नाही.

मिळाल्यानंतर

लायसन्सची मुदत ५ वर्षं. सही करत राहायचं तर कुठल्याही मागच्या दोन वर्षांत किमान सहा महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव दाखवता आला पाहिजे. बाळंतपण, आजारपण, गावाकडची लांब सुट्टी यांचा हिशेब त्यात धरा. दोन लायसन्स असतील तर दोन तारखा, दोन फॉर्म, दोन फिया. माझं आयरिश आणि ब्रिटिश यांच्या मुदती वेगवेगळ्या वर्षी संपतात. दोन्ही तारखा मी लॉगबुकच्या आतल्या पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहून ठेवल्या आहेत, आणि प्रत्येकीच्या सहा महिने आधीची तारीख लाल पेनाने. नूतनीकरणाच्या अर्जाची तयारी त्या लाल तारखेला सुरू करतो.